चौरंगी सामन्यांची कथा

क्रिकेटचे नाव काढले की आज खेड्यातले पोरही रणजी करंडक, विश्वचषक आणि आयपीएलचे संघ घडाघडा म्हणून दाखवते. पण त्याला ‘चौरंगी सामने म्हणजे काय रे?’ असे विचारले, तर ते आपल्या तोंडाकडे पाहत राहील. त्यात त्याचा दोष नाही. हे सामने 1946 साली कायमचे बंद पडले. ज्यांनी ते पाहिले, त्यांतली फारच थोडी माणसे आता हयात असतील. तरीसुद्धा महाराष्ट्रात क्रिकेट रुजले ते या सामन्यांच्या मातीत, आणि कोणत्याही शाळेच्या मैदानावर रोज उठणारा एक प्रश्न या सामन्यांनी फार मोठ्या प्रमाणावर उभा केला होता. तो प्रश्न असा, की संघ कशावरून पाडायचे आणि कप्तान कोणाला करायचे? आज मी आपल्याला त्याच अनुरोधाने या सामन्यांचा इतिहास सांगणार आहे.

प्रथम हे सामने सुरू कसे झाले ते पाहू. मुंबईत इंग्रजांनी क्रिकेट आणले आणि आपल्या लोकांपैकी ते प्रथम उचलले पारशी मंडळींनी. 1848 साली त्यांनी आपला पहिला क्रिकेट क्लब काढला. पुढे हिंदूंनी आणि मुसलमानांनीही क्लब काढले. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानात ही सगळी मुले खेळत. पण याच मैदानावर गोऱ्या लोकांचा पोलोही चाले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली, की दुसऱ्या दिवशी तिच्यावर चेंडू टाकायचा कसा? पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, पुन:पुन्हा केले. शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी या भांडणाची सारी हकीकत 1897 साली पुस्तकरूपाने छापूनच काढली. क्रिकेटचा इतिहास सांगणारे आपल्या देशातले ते एक अगदी आरंभीचे पुस्तक होय. म्हणजे पाहा, खेळाच्या आधी जागेचा तंटा आला!

या तंट्याचा एक परिणाम असा झाला, की सरकारने पुढे समुद्राकाठी जिमखान्यांसाठी जागा दिल्या. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना 1875 पासून होताच. पारशांचा जिमखाना 1885 मध्ये निघाला. 1890 नंतरच्या चार-पाच वर्षांत मुसलमानांचा आणि हिंदूंचा जिमखानाही उभा राहिला. प्रत्येक समाजाचे मैदान वेगळे, तंबू वेगळे, वर्गणीदार वेगळे. अशी एकदा वाटणी झाल्यावर संघही त्याच वाटणीने पडले, यात नवल ते काय? कोणी एका दिवशी बसून ‘आपण धर्मावरून संघ पाडू’ असा ठराव केला नव्हता. ती गोष्ट जागेबरोबर, वर्गणीबरोबर आणि सवयीबरोबर आपोआप घडत गेली. इतिहासात पुष्कळ गोष्टी अशाच घडतात, हे शिक्षकबंधूंना मी सांगायला नको.

पारशी संघ 1886 आणि 1888 साली विलायतेला जाऊन आला. 1890 साली व्हर्नन नावाच्या कप्तानाचा इंग्लिश संघ मुंबईस आला, त्यालाही पारशांनी हरवले. मग 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने दरसाल ठरून गेले. 1907 मध्ये हिंदू त्यांत आले, तेव्हा सामने तिरंगी झाले. 1912 मध्ये मुसलमान आले, तेव्हा चौरंगी. 1937 मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. सामने कधी मुंबईस तर कधी पुण्यास होत. पुढे मात्र मुंबईच त्यांचे घर बनले. लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिले ते चौरंगी हेच नाव.

आता या इतिहासातल्या एका माणसाकडे वळू. त्याचे नाव बाळू पालवणकर. घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला होते. बाळू पुण्यात वाढला. मुलगा जरा मोठा होताच पारशांच्या एका क्रिकेट क्लबात लागला. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि खेळाडूंना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार दरमहा 3 रुपये. तिथून तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला. तिथे मिळत 4 रुपये. जाळे बांधायचे, खुणा आखायच्या आणि साहेब म्हणेल तेव्हा चेंडू टाकायचे.

या साहेबांत ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूकडून तासन्‌तास सराव करून घेई. बाळू डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकी. साहेबाची फलंदाजी सुधारली ती बाळूमुळे, आणि बाळूची गोलंदाजी मुरली ती साहेबामुळे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या या मुलाच्या हाती त्या क्लबात बॅट म्हणून कोणी दिली नाही! चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा धन्याचा मान, अशी तेथली रीत होती.

बाळूचे नाव झाले तसे पुण्याच्या हिंदू क्लबातल्या मंडळींपुढे कोडे पडले. गोऱ्यांना हरवायचे तर हा गडी पाहिजे, आणि घ्यायचा तर त्याची जात आडवी येते. ब्राह्मण खेळाडूंनी यावर जो तोडगा काढला, तो ऐकून आज आपल्याला मान खाली घालावी लागते. मैदानावर बाळूने टाकलेला चेंडू सर्वांनी झेलायचा, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा द्यायचा. जेवणाचे पानही वेगळे. चेंडू विटाळत नाही आणि पेला तेवढा विटाळतो, असे हे शास्त्र! चेंडूला कातडे कोणत्या प्राण्याचे असते, याचा विचार त्या शास्त्रात कोणी केलेला दिसत नाही.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आला. रेल्वेत नोकरी लागली आणि थोड्या वादावादीनंतर हिंदू जिमखान्याच्या संघातही जागा मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंचा युरोपियनांशी मोठा सामना झाला. बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही त्यात होते. हिंदूंनी तो शंभराहून अधिक धावांनी जिंकला. गावोगाव त्याची वार्ता गेली. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, याचा आनंद तर होताच. पण ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारकी पत्राने आणखी एक गोष्ट नेमकी हेरली, की हा विजय सर्व जातींच्या माणसांना एकत्र घेतल्याने मिळाला आहे. जी गोष्ट व्याख्यानांनी साधत नव्हती, ती एका डावखुऱ्या गोलंदाजाने थोडी तरी साधली होती.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूने मात्र सगळ्या सामन्यांत मिळून 114 गडी बाद केले. हा आकडा मोठा आहे बरं का! घरून इतक्या दूर, अनोळखी थंड हवेत, नव्या खेळपट्ट्यांवर, आणि तेही कच्च्या संघातून खेळताना मिळवलेला. परत आल्यावर त्याचा मुंबईत सत्कार झाला. अस्पृश्य समाजातल्या तरुणांना त्याचा केवढा अभिमान वाटला असेल, याची कल्पना करा. त्या तरुणांत भीमराव आंबेडकरही होते. पुढे राजकारणात या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1937 च्या निवडणुकीत ते एकमेकांसमोर उभेही राहिले आणि बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. पण तो निराळा विषय आहे.

आता कप्तानपदाचा प्रश्न. 1911 नंतर हिंदू संघात बाळूइतका अनुभवी आणि खेळाची जाण असलेला दुसरा खेळाडू नव्हता. तरी कप्तान कोण, तर एम. डी. पै. पै स्वत: चांगले खेळाडू आणि मनाने सरळ गृहस्थ. एका सत्कारप्रसंगी त्यांनीच बोलून दाखवले, की हा मान खरे म्हणजे माझा मित्र बाळू याला मिळायला हवा होता. कप्तानाने हे म्हणावे, आणि निवड करणाऱ्यांनी ऐकून सोडून द्यावे, असे वर्षानुवर्षे चालले. बाळूला दर वर्षी संघात घेत, पण कप्तान करीत नसत. हिंदू संघाचा हा नायक त्याचा नेमलेला कप्तान कधीच झाला नाही.

बाळूला तीन धाकटे भाऊ होते: शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही क्रिकेट खेळले. विठ्ठल तर अव्वल फलंदाज निघाला. 1920 साली पै पहिल्या सामन्याला येऊ शकले नाहीत, तेव्हा कप्तानपद पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले, त्यांच्याविषयी आपल्याला आदरच आहे. पण त्या वेळी विठ्ठल त्यांच्याहून अनुभवाने ज्येष्ठ होता. शिवाय त्या साली बाळूला संघातूनही वगळले होते. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण लपवून ठेवले नाही. जातीखेरीज दुसरे काहीही आमच्या आड आलेले नाही, असे त्यांनी लोकांपुढे स्पष्ट मांडले.

श्रोतेहो, हा काळ कोणता होता, हे आठवा. स्वराज्याची मागणी घरोघर पोचली होती, गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते. अशा वेळी हे दोन खेळाडू लोकांना विचारीत होते, की स्वराज्य मागणारे लोक आपल्याच संघात आपल्याच माणसाला न्याय का देत नाहीत? या प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते. अंतिम सामन्याच्या आधी तडजोड झाली. पै परत आले, बाळूला उपकप्तान म्हणून घेतले आणि भाऊ खेळायला आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ बाळूने संघ चालवला. मित्राने मित्राला देऊ केलेला हा मान होता. निवड समितीने दिला नाही, तो पैंनी आपल्या हाती होता तेवढा दिला.

आणखी तीन वर्षे गेली. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला. त्या साली हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. सामना संपताच लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या घरात त्याला सहजासहजी प्रवेश मिळाला नसता, अशी माणसेही त्या खांदे देणाऱ्यांत होती. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते 1948 साली निघाले. शाळांच्या ग्रंथालयांनी ते शोधून मिळवावे, अशी माझी विनंती आहे.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणी म्हणेल, की मग हे सामने चांगलेच म्हणायचे, त्यांनी जातीची भिंत थोडी तरी हलवली. होय, हलवली. पण भिंती दोन होत्या. संघाच्या आतली जातीची भिंत थोडी हलली, तरी संघासंघांमधली धर्माची भिंत दर वर्षी नव्याने चुना लावून उभी राहत होती.

1930 पासून कायदेभंगाच्या चळवळीमुळे चार वर्षे सामने झाले नाहीत. 1934 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि याच सामन्यांपासून आपल्याकडे खेळाचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकू येऊ लागले. ए. एफ. एस. तल्यारखान हे ते वर्णन करीत. दिवसभर एकटा माणूस बोलत असे! 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम बांधून झाले आणि सामने तेथे होऊ लागले. आणि त्याच वर्षी, मंडळी, पुन्हा जागेचाच तंटा! कोणाच्या जिमखान्याला किती बैठका, यावरून वाद होऊन हिंदू संघ खेळलाच नाही. साठ वर्षांपूर्वी घोड्यांच्या टापांवरून सुरू झालेले भांडण आता खुर्च्यांवर आले होते.

‘इतर’ हा पाचवा संघ म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरे सगळ्यांचा मिळून केलेला. नावातच पाहा ना, मोजदाद झाल्यावर उरले ते ‘इतर’. या संघातून खेळत होता विजय हजारे. सांगलीचा, मराठी ख्रिस्ती घरातला. 1943 सालच्या हंगामातल्या अंतिम सामन्यात हिंदूंनी 5 बाद 581 धावा केल्या. त्यांत विजय मर्चंटच्या नाबाद 250. उत्तरादाखल इतरांचा पहिला डाव 133 मध्ये संपला. दुसऱ्या डावात त्यांनी 387 केल्या, आणि त्या 387 पैकी 309 एकट्या हजारेच्या! त्याचा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा राहिला. दोघांनी मिळून 300 धावा जोडल्या, त्यांत विवेकच्या 21. सामना हिंदूंनी जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हजारे. याच हजारेच्या कप्तानीखाली 1952 साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. ज्याला एकदा ‘इतर’ म्हटले, तो सर्वांचा कप्तान झाला.

1944 चा अंतिम सामनाही असाच विलक्षण झाला. मुसलमान संघाला जिंकायला 298 धावा हव्या होत्या. एकामागून एक गडी बाद होत गेले, पण के. सी. इब्राहिम सलामीला आला तो शेवटपर्यंत बाद झाला नाही. त्याने नाबाद 137 केल्या, आणि मुसलमान संघ एक गडी राखून जिंकला. देशाच्या फाळणीला तीन वर्षेही उरली नव्हती, अशा वेळी मुंबईच्या मैदानावर हा सामना खेळला गेला आणि खेळ म्हणूनच पाहिला गेला. याच इब्राहिमने रणजी करंडकाच्या सामन्यांत मुंबईसाठी, म्हणजे हिंदू-पारशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून, धावांच्या राशी ओतल्या.

मग सामने बंद का झाले? कारण मैदानाबाहेरचे जग बदलले होते. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ला विचारायला वर्ध्याला गांधीजींकडे गेली होती. गांधीजींचे मत सरळ होते. कॉलेजा-कॉलेजांचे, संस्था-संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक असे संघ कशासाठी, हे त्यांना पटत नव्हते. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. 1942 मध्ये ‘चले जाव’ चळवळीमुळे सामने झालेच नाहीत. धावते वर्णन करून हे सामने घरोघर पोचवणारे तल्यारखानच त्यांच्याविरुद्ध लिहू लागले. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे होते. मैदानावर दंगे होत नाहीत, खेळाडू एकमेकांचे मित्र आहेत, गर्दी दोन्हींकडच्या खेळाला टाळ्या देते, मग बंद का करायचे? यात खोटे फारसे नव्हते. पण ज्या देशात धर्मावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठू लागली होती, तेथे धर्माच्या नावाने संघ उभे करणे कोणालाच शोभेनासे झाले. 1945-46 च्या हंगामात हिंदूंनी पारशांना हरवले, तो शेवटचा अंतिम सामना. 1934 पासून सुरू झालेले रणजी करंडकाचे सामने प्रांतांचे होते. पुढे तेच राहिले.

आज आमच्या कोपरच्या स्टेशनातून गाडी धरली, की सव्वा-दीड तासात बोरीबंदर येते, ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. तेथून चालत गेले की आझाद मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना दिसतो. मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखाने अजून ओळीने उभे आहेत. शाळेची सहल मुंबईस नेणाऱ्या शिक्षकांनी राणीची बाग आणि म्हातारीचा बूट जरूर दाखवावा, पण दहा मिनिटे येथेही थांबावे. चाळीस वर्षांचा इतिहास एका नजरेत दाखवता येईल.

बाळू पालवणकर 4 जुलै 1955 रोजी वारले. पहिल्या दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 गडी आहेत, आणि प्रत्येक गड्यामागे दिलेल्या धावा साधारण 15. हा हिशेब कोणीही तपासून घ्यावा. त्याला जात नाही. खेळाचे मोठेपण तेच आहे. चेंडू सरळ यष्टीवर लागला, की पंचाला बोट वर करावेच लागते. अन्याय होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. संघ निवडताना होतो, कप्तान नेमताना होतो, चहाचा पेला पुढे करताना होतो. आणि ही तिन्ही कामे खेळाच्या नियमांच्या पुस्तकात येत नाहीत, ती आपल्यासारख्या माणसांच्या हाती असतात.

आमच्याकडे ठाणे-कल्याणच्या बाजूला हिवाळा लागला की गावोगाव टेनिसच्या चेंडूचे सामने भरतात. चषक असतात, बक्षिसे असतात, भोंगा लावून धावते वर्णनही चालते. गावाविरुद्ध गाव, पाड्याविरुद्ध पाडा, ही चुरस गोड आहे, ती जरूर असावी. पण कोठे कोठे एकाच जातीच्या नावाने चषक ठेवण्याची हौस दिसते, तेव्हा हा जुना इतिहास जाणत्यांनी चार शब्दांत पोरांना सांगावा. रागावून नव्हे, समजावून. आणि शिक्षकांनी शाळेचा संघ निवडताना एवढेच पाहावे, की रोज सकाळी येऊन खेळपट्टी झाडणारे, इतरांना चेंडू टाकून देणारे एखादे अबोल पोर बाजूला उभे तर नाही ना. असेल तर त्याच्या हाती एकदा बॅट द्यावी.